बाबांच्या ओठांवर माझा आवाज

ताईच्या लग्नाची कॅसेट दोन तासांची होती आणि तिच्यात बोलणं म्हणून जेमतेम चार मिनिटं होतं. बाकी सगळीकडे सनई आणि सिनेमाची गाणी. मुलुंड स्टेशनजवळच्या ज्या फोटोवाल्याने शूटिंग केलं, त्याची पद्धतच तशी होती. लग्नातला गलका काढून टाकायचा आणि वर गाणी चढवायची. हळद लागतेय, गाणं. अक्षता पडतायत, गाणं. आई डोळ्यांना पदर लावतेय, तिथे तर एकापाठोपाठ एक दोन गाणी. फक्त बाबांनी गाऱ्हाणं घातलं तेवढी चार मिनिटं त्याने मूळ आवाज ठेवला होता, कारण आई स्वतः त्याच्या दुकानात जाऊन सांगून आली होती, "ह्यांच्या गाऱ्हाण्यार गाणा घातल्यात तर कॅसेट घेवचंय नाय मी."

आमच्या तळकोकणात कुठलंही कार्य असलं की आधी एक जाणता माणूस नारळ-विडा पुढे ठेवून उभा राहतो आणि देवाला मोठ्याने सगळं सांगतो. कोण जमलंय, कशासाठी जमलंय, काय चुकलं असेल ते पोटात घाल, काय वाकडं असेल ते सरळ कर. हे गाऱ्हाणं. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो 'रे म्हाराजा' म्हणतो आणि जमलेल्यांनी एका आवाजात उत्तर द्यायचं असतं, "व्हय म्हाराजा!" ते पाठ केलेलं नसतं. त्या घरचं, त्या दिवसाचं, तिथल्या तिथे सुचलेलं असतं. मुलुंडच्या आमच्या चाळीत गणपती असो, सत्यनारायण असो, कोणाचं पिठाच्या गिरणीचं उद्घाटन असो, गाऱ्हाणं बाबांचंच. एका बिऱ्हाडात पहिला टीव्ही आला तेव्हाही त्यांना बोलावलं होतं आणि त्यांनी अँटेना नीट राहू दे म्हणून देवाला साकडं घातलं होतं.

आवाज तसाच होता त्यांचा. वीस-बावीस वर्षं कापडगिरणीत साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी बोलून कमावलेला. संप फिसकटला, गिरणी सुटली, आवाज राहिला. सकाळी नळाला पाणी आलं की पहिल्या मजल्यावरून ते अख्ख्या चाळीला उठवायचे. मला तर त्या आवाजाचा वैताग यायचा. बाबा कुजबुजले तरी तीन खोल्यांना कळायचं की मी गणितात नापास झालोय.

गिरणी सुटल्यावर बाबा स्टेशनपलीकडच्या एका सोसायटीत वॉचमन लागले. त्याच सोसायटीत माझा अकरावीतला मित्र राहायचा. आता ह्याला काय म्हणायचं ते म्हणा. मी मित्राकडे जायचो तेव्हा बाबा गेटवर खाकी शर्टात स्टुलावर बसलेले असायचे. ते मला बघून न बघितल्यासारखं करायचे, आणि मीही. हे आमचं कधी ठरलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून आत गेलो, तेव्हापासून तेही तसंच वागू लागले.

मित्राचा मोठा भाऊ आखातात होता आणि त्याने घरी व्हीसीआर आणला होता. त्या मशीनवर पुढच्या बाजूला एक बटण होतं, ऑडिओ डब. मित्राने सोबतचं पुस्तक वाचून शोधून काढलं की माइक लावून हे बटण दाबलं की चित्र आहे तसंच राहतं आणि आवाज फक्त आपला भरला जातो. झालं. त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुसरं काहीच केलं नाही. तो, मी आणि त्याच्या मजल्यावरची आणखी दोन पोरं. टीव्हीवरून टेप केलेल्या बातम्या लावायच्या आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या तोंडून आमच्या कॉलेजच्या भानगडी वदवायच्या. साबणाच्या जाहिरातीतली बाई आमच्या केमिस्ट्रीच्या सरांच्या आवाजात बोलायची. एका सिनेमातला व्हिलन पिस्तूल रोखून हिरोकडे कांदाभजी मागायचा. आम्ही गाद्यांवर लोळून हसायचो. मित्राची आई दारातून विचारायची, "अरे, काय झालं काय?" आणि आम्हाला सांगता यायचं नाही.

आवाज काढण्यात मी सगळ्यांत पुढे होतो. नुसती नक्कल नाही, मला ओठ जुळवता यायचे. प, ब, म बोलताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की तिथे आपलंही अक्षर मिटणारंच पाहिजे, नाहीतर फसवणूक लगेच कळते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी एक सीन चार वेळा बघायचो, कुठे ओठ मिटतात ते वहीत खुणा करून ठेवायचो आणि मग वाक्यं रचायचो. अभ्यासात इतकं डोकं लावलं असतं तर बाबांना माझ्या नावाने ओरडावं लागलं नसतं. त्या तीन फ्लॅटवाल्या पोरांत मी एकटा चाळीतला होतो, आणि ह्या एका गोष्टीत ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे.

सुट्टी संपत आली तेव्हा सीनही संपत आले. एका दुपारी मित्र म्हणाला, "यार, तुझ्या ताईच्या लग्नाची कॅसेट आण ना. तुझे बाबा ते व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करतात ना, त्याच्यावर डब करू. झकास होईल."

तो लग्नाला आला होता. त्याने ते बघितलं होतं. बाकीची दोघंही हसली, म्हणजे त्यांच्यात आधी बोलणं झालं होतं. मला राग यायला हवा होता. राग आला, पण तो बाबांचा. त्या पोरांना हसता येईल असं काहीतरी ते चारचौघांत करतात, ह्याचा. आणि हसायचंच असेल तर मीच पहिला हसेन, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

कॅसेट आईच्या कपाटात साड्यांखाली होती. आमच्याकडे व्हीसीआर नव्हताच, त्यामुळे ती कोणी काढणार नव्हतं. कॅसेटच्या कडेला एक प्लास्टिकची बारीक पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. फोटोवाल्याने ती नीट तोडून दिली होती, कोणाच्या हातून चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून. मी त्या खाचेवर सेलोटेप लावली. हे इतक्या बारकाईने सांगतोय कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. आमचा आवाज चढला की मूळ आवाज जातो, हे मला पक्कं माहीत होतं. पण बाबांचा आवाज ही काय जपून ठेवायची वस्तू होती? रोज सकाळी साडेपाचला तो फुकट ऐकायला मिळत होता.

चार मिनिटांच्या त्या तुकड्यात बाबा टोपी घालून, हात जोडून उभे होते. "बा देवा म्हाराजा" असं सुरू करून त्यांनी गावच्या देवांची नावं घेतली, व्याह्यांची घेतली, आणि ताईचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा आवाज अडकला. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग नाव आलं, एकदम वरच्या पट्टीत, फुटलेलं. आईला गाणं नको होतं ते ह्या जागेसाठी. मी ती जागा चार वेळा बघितली आणि वहीत खूण केली की इथे मोकळी जागा आहे, इथे हसण्याचा आवाज टाकता येईल.

मग मी बाबांचा आवाज काढला. हुबेहूब. पोरांनी तोंडावर हात दाबून धरले. मी देवाकडे माझ्यासाठी गणितात पस्तीस मार्क मागितले, चाळीसाठी रेशनचं रॉकेल मागितलं आणि म्हणालो, "आनि ह्या वॉचमनाक ड्युटीर गाढ झोप दी, रे म्हाराजा!" पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!" ओठ इतके अचूक जुळले होते की आम्ही ते लागोपाठ तीनदा बघितलं. संध्याकाळी मी सेलोटेप काढली आणि कॅसेट साड्यांखाली ठेवून दिली. जाताना गेटवर बाबा होते. त्यांनी नेहमीसारखं दुसरीकडे बघितलं.

पुढच्या गणपतीत बाबांचा आवाज बसला. ओरडून बसला असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. खडीसाखर झाली, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. दिवाळीपर्यंत तो नुसता खरखरीत राहिला. आमच्या डॉक्टरांनी परळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं आणि तिथे सांगितलं, घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ताई सासरहून, दहिसरहून आली. तिने नवऱ्याचा टेपरेकॉर्डर आणला होता. तो बाबांसमोर ठेवून म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला. आमच्यासाठी. माझं नाव घ्या नुसतं."

बाबांनी हात हलवला. त्या फाटक्या, हवा मिसळलेल्या आवाजात ते म्हणाले, "आता ह्या आवाजाचा काय करतलंस? लग्नातली कॅसेट आसा मां. त्याच्यात माझो खरो आवाज आसा. तो ऱ्हवांदे तुमका."

ताई रडायला लागली. आईने टेपरेकॉर्डर बाजूला सरकवला. मी उंबऱ्यात बसून होतो. एक वाक्य पुरलं असतं. 'बाबा, त्या कॅसेटमध्ये तुमचा आवाज नाही, आत्ता बोला.' फाटका का होईना, आवाज होता. त्यात ताईचं नाव आलं असतं, माझं आलं असतं. मी बोललो नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या जिवाला त्रास नको, असं मी मनाशी म्हटलं, पण ते खोटं होतं. मला भीती वाटली. चपलेची नाही, तुच्छतेने बघतील त्याची. पोरांबरोबर जे केलं त्याची मला आज लाज वाटते. पण उंबऱ्यात बसून गप्प राहिलो त्याला मला नावच देता येत नाही.

बाबा घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. त्यावर आई पांढरं मलमलचं फडकं बांधायची. ताईची शाळेतली पाटी शोधून काढली आणि ते तिच्यावर लिहून बोलू लागले. सोसायटीने त्यांना परत घेतलं नाही. ज्याला 'कोण आहे?' असं ओरडता येत नाही तो वॉचमन कसला, असं सेक्रेटरीचं म्हणणं होतं, आणि त्यावर वाद घालणार कोण?

पुढच्या उन्हाळ्यात ताईला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून बारसं आमच्याकडे. दहिसरची मंडळी येणार होती, चाळ तर होतीच. दोन दिवस आधी बाबांनी पाटीवर लिहिलं, 'व्हीसीआर आण भाड्यान. गाऱ्हाणा कॅसेटीतला लावया.' आईने विचारलं, ते तर लग्नाचं होतं, बारशाला कसं चालेल? बाबांनी लिहिलं, 'देवाक समाजता.'

मी दोन दिवस कारणं शोधत फिरलो. भाड्याने मिळत नाही म्हटलं, तर शेजारच्यांनी ओळखीचा माणूस गाठून दिला. बारशाच्या सकाळी तो माणूस टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, मशीन बिघडलेलं दिसतंय, हेड खराब वाटतोय. तो चिडला. "काय बोलतो? आत्ता चेक करून आणलंय." आणि त्याने ते सगळ्यांसमोर चालू करून दाखवलं.

बाबांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली. टीव्हीच्या पुढ्यात पाट मांडून त्यावर नारळ-विडा ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर गॅलरीत माणसं. त्या माणसाने कॅसेट पुढे नेली, गाणी भराभर गेली, आणि पडद्यावर बाबा आले. बाबांसमोर बाबा.

"बा देवा म्हाराजा!" आवाज आला. माझा. पण इतका त्यांचा की अख्खी खोली एका दमात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" बाबांचे डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं निवांत बघितलं नव्हतं. दोन-तीन सेकंद, फार तर.

मग पस्तीस मार्क आले. कोणाला काही कळेना. मग रॉकेल आलं. मग, "आनि ह्या वॉचमनाक ड्युटीर गाढ झोप दी, रे म्हाराजा!" आणि पुढे बसलेले दोन म्हातारे, सवयीने, मान हलवत म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्याच्या मागून कॅसेटमधलं आमचं खिदळणं.

दहिसरच्या एका बाई हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. ताई माझ्याकडे बघत होती. बाबांनी डोळे उघडले आणि पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर त्यांचे ओठ थांबले होते, ताईच्या नावाअगोदर जसे थांबले होते तसे, आणि तिथे मी टाकलेलं हसणं वाजत होतं. मग त्यांनी खाली वाकून पाटी उचलली, लिहिलं आणि व्हीसीआरवाल्याला दाखवलं. 'फुडे घे.'

त्याने पुढे घेतली. गाणी लागली. बाळाचं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर बाबांनी मला बोलावलं आणि पाटी माझ्याकडे केली. 'आवाज सगळो गेलो?' मी मान हलवली. त्यांनी तळहाताने पाटी पुसली, पुन्हा काही लिहितील म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी फोटोवाल्याकडे धावलो. त्याची मूळ कॅसेट असेल, त्यावर तरी असेल. तो म्हणाला, ती कधीच पुसली, तिच्यावर आणखी किती लग्नं झाली. मग मी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो. सगळ्यांना वाटलं मला त्याची आवड आहे. मी तिथे आलेल्या प्रत्येक जाणत्या माणसाला विचारायचो, पुसलेला आवाज परत काढता येतो का? एकाने मला समजावून सांगितलं की पट्टीवर काही उरतच नाही, शोधायला काही नसतंच. चांगला माणूस होता. त्याने कारण विचारलं नाही.

बाबा त्यानंतर दीड वर्ष होते. माझ्याशी वाईट वागले नाहीत. पाटीवर 'जेवलंस?' लिहायचे, 'छत्री ने' लिहायचे. त्या कॅसेटबद्दल एक अक्षर नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, हे म्हणण्याचाही मला अधिकार नाही.

ते गेल्यावरच्या पहिल्या गणपतीत चाळीतल्या माणसांनी मलाच पुढे केलं. "तू घाल गाऱ्हाणा. तुका त्यांचो आवाज येता." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, तेच तर वाईट. मी नारळासमोर उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा," म्हटलं आणि मला ऐकू आलं ते त्या दिवाळीतलं, माइकसमोरचं, चिडवणारं. दुसरा कुठला सूर माझ्याकडे नव्हताच. खरा आठवावा म्हणून मी खूप जोर लावला, पण आठवताना मधे माझाच यायचा. मी खाली बसलो. दुसऱ्या कोणीतरी कसंबसं उरकलं, आणि पुढच्या वर्षापासून चाळीत नुसती आरती होऊ लागली.

दुकानातून मी एक जुना व्हीसीआर दुरुस्त करून घरी आणला. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. ती कॅसेट मी लावली नाही. आई कधी लावेल असं वाटलंच नाही.

एका दुपारी दुकान लवकर बंद झालं म्हणून मी घरी आलो. दार लोटलेलं होतं. आतून टीव्हीचा उजेड दिसत होता, आवाज नव्हता. आई पाटावर बसली होती, हात जोडून. पडद्यावर बाबा बोलत होते. त्यांचे ओठ 'म्हाराजा'च्या म वर मिटायचे, उघडायचे, थांबायचे आणि आई हळू आवाजात म्हणायची, "व्हय म्हाराजा." पुन्हा ओठ मिटायचे. पुन्हा, "व्हय म्हाराजा." एकही जागा चुकत नव्हती. ताईच्या नावाअगोदर ते थांबले तेव्हा तीही थांबली, मान किंचित पुढे करून, जशी माणसं ऐकताना करतात. मग ओठ हलले. तिने पदर डोळ्यांना लावला.

माझा पाय उंबऱ्याला लागला. तिने मागे बघितलं. मी तसाच परत फिरणार होतो.

"ये, बस," ती म्हणाली. "आवाज बंद आसा."